हायरॉक्सचा रिझल्ट नीट वाचा: वेळ नक्की कुठे जातो आणि तो कमी कसा करायचा

हायरॉक्स (पळणं आणि व्यायाम आलटून-पालटून असलेली हॉलमधली रेस) झाली की बहुतेक जण दोनच गोष्टी बघतात, एकूण वेळ आणि एज ग्रुपमधला नंबर. मग एक ठाम निष्कर्ष काढून मोकळे, "स्लेडने मारलं राव", की पुढचे तीन महिने जिममध्ये नुसतं स्लेड (वजन लादलेली घसरगाडी) ढकलणं सुरू. स्लेडवर तोंडाला फेस आला हे खरंच असतं, पण जिथे सगळ्यात जास्त त्रास झाला तिथेच सगळ्यात जास्त वेळ गेला असं नसतं, आणि हे तुमच्याच रिझल्टमध्ये लिहिलेलं असतं, फक्त कोणी उघडून बघत नाही. तर हा लेख त्याबद्दल. रिझल्ट शीट हातात घेऊन कुठे पाणी मुरतंय ते कसं शोधायचं आणि मग ट्रेनिंगमध्ये नेमकं काय बदलायचं, ते क्रमाने बघू.

नवीन लोकांसाठी पटकन फॉरमॅट. १ किमी रन, मग एक स्टेशन, असं आठ वेळा. स्टेशनचा क्रम कायम तोच: स्कीअर्ग (उभं राहून दोऱ्या खाली ओढायचं स्कीइंगचं मशीन) १००० मीटर, स्लेड पुश ५० मीटर, स्लेड पुल (दोराने ओढणं) ५० मीटर, बर्पी ब्रॉड जंप (जमिनीवर छाती टेकवून उठायचं आणि पुढे उडी) ८० मीटर, रोइंग १००० मीटर, फार्मर्स कॅरी (दोन्ही हातांत केटलबेल घेऊन चालणं) २०० मीटर, सँडबॅग लंजेस (खांद्यावर वाळूची बॅग घेऊन गुडघा टेकत चालणं) १०० मीटर आणि शेवटी १०० वॉल बॉल (खाली बसून उठत जड बॉल वरच्या टार्गेटवर फेकणं). हॉल कुठलाही असो, अंतरं आणि वजनं तीच, म्हणून तर इथे अ‍ॅनालिसिस करण्यात अर्थ आहे. पहिली रेस २०१८ मध्ये जर्मनीत हॅम्बुर्गला झाली, आणि ती सुरू करणाऱ्या दोघांपैकी एक मॉरिट्झ फ्युर्स्टे हा जर्मनीच्या हॉकी टीमचा खेळाडू, २००८ आणि २०१२ चं ऑलिंपिक गोल्डवाला. हे उगाच, माहिती म्हणून. डेका किंवा तसली दुसरी कुठली रेस करत असाल तरी पद्धत तीच चालेल, आकडे फक्त तुमचे टाका.

पायरी १: रिझल्ट उघडायच्या आधी डोक्यातलं कागदावर काढा

रेसच्या दिवशीच संध्याकाळी, स्प्लिट्स (प्रत्येक टप्प्याचे वेगळे वेळ) बघायच्या आधी, फोनवर का होईना पण लिहून ठेवा. कुठे थांबलात, कुठे चाललात, कुठल्या रनमध्ये पाय जड झाले, कुठे नो-रेप मिळाले (नीट न झाल्यामुळे न मोजलेली रेप, म्हणजे एक वेळ), पाणी कुठे प्यायलात, स्टेशन शोधताना कुठे गोंधळ झाला, वॉल बॉल किती-कितीच्या सेटमध्ये मारले. आधी का, तर एकदा आकडे बघितले की आठवण त्या आकड्यांप्रमाणे वळते, आणि मग "हो हो मला तिथेच वाटलं होतं" असं आपण स्वतःलाच पटवून देतो. पुढे कारण शोधताना याच नोंदी कामाला येतात, कारण रिझल्टमध्ये फक्त किती वेळ गेला ते कळतं, का गेला ते कळत नाही.

पायरी २: सगळे स्प्लिट्स एका शीटमध्ये

रिझल्टच्या पानावर स्वतःच्या नावावर क्लिक केलं की आठ रन, आठ स्टेशन आणि रॉक्सझोन असे सगळे वेळ वेगवेगळे मिळतात. रॉक्सझोन म्हणजे रनिंग ट्रॅक आणि स्टेशन यांच्या मधला पट्टा, त्यात आत-बाहेर करायला लागलेला सगळा वेळ एकत्र करून दिलेला असतो. हे सतरा आकडे शीटमध्ये उतरवून घ्या. घड्याळावर विसंबू नका, हॉलच्या आत जीपीएस बोंबलतं, घड्याळ हाताच्या हालचालीवरून अंतराचा अंदाज लावतं आणि पेस (एका किलोमीटरला लागणारा वेळ) काहीही दाखवतं.

उदाहरणासाठी एक काल्पनिक गडी घेऊ, ओपन कॅटेगरी (प्रोपेक्षा हलकी वजनं), एकूण वेळ १:३८:४०, पुढच्या रेसला १:३२ च्या आत यायचंय. त्याचे रन असे: ५:०५, ५:३५, ६:२०, ६:२५, ६:३०, ६:१५, ६:२०, ६:५५. बेरीज ४९:२५. स्टेशन असे: स्की ४:४०, पुश ३:३०, पुल ५:५०, बर्पी ६:१०, रो ४:५५, फार्मर्स २:३०, लंजेस ५:४०, वॉल बॉल ७:५५. बेरीज ४१:१०. उरलेला रॉक्सझोन ८:०५.

नुसत्या तीन बेरजा बघा. निम्मा वेळ पळण्यात गेलाय. आणि रॉक्सझोनची आठ मिनिटं ही कुठल्याही एका स्टेशनपेक्षा जास्त आहेत, वॉल बॉलपेक्षाही, पण रॉक्सझोनने मारलं असं म्हणताना कोणी कधी ऐकलंय का?

पायरी ३: तुलना कोणाशी करायची

इथे सगळ्यात जास्त लोक चुकतात. जिंकणाऱ्याशी तुलना करून काही हाती लागत नाही, तो सगळीकडेच पुढे असतो. आणि स्वतःच्या जुन्या रेसशी केलेली तुलना अर्धवट असते, कारण कार्पेट बदललं की त्याच वजनाची स्लेड वेगळी वाटते, हॉलची रचना बदलली की रॉक्सझोनचं अंतर बदलतं, रनिंग लॅपही कुठे मागेपुढे होते.

त्याऐवजी हे करा. त्याच दिवशीच्या त्याच रेसमधले, तुमच्याच कॅटेगरीतले दहा जण निवडा, ज्यांचा एकूण वेळ तुमच्या टार्गेटच्या आसपास आहे, पाच थोडे पुढचे आणि पाच थोडे मागचे. प्रत्येक स्टेशनसाठी त्या दहा जणांचे वेळ चढत्या क्रमाने लावून मधला आकडा (पाचव्या आणि सहाव्याच्या मधोमध) घ्या. सरासरी नको, कारण एखादा पठ्ठ्या स्लेडवर अडकून दहा मिनिटं उभा राहिलेला असतो आणि त्याच्या एकट्याच्या पायी सरासरीची वाट लागते. हे करायला तासभर लागतो, कंटाळवाणं काम आहे, पण तीन महिन्यांचं चुकीचं ट्रेनिंग वाचतं.

समजा आपल्या गड्याला १:३२ वाल्यांचे मधले आकडे असे मिळाले: रन ४७:००, रॉक्सझोन ६:३०, स्की ४:३५, पुश ३:२०, पुल ५:३०, बर्पी ५:४०, रो ४:५०, फार्मर्स २:२०, लंजेस ५:२०, वॉल बॉल ६:४५. आता वजाबाकी करा. रनमध्ये २:२५ मागे, रॉक्सझोनमध्ये १:३५, वॉल बॉलमध्ये १:१०, बर्पीत ३० सेकंद, पुल आणि लंजेस प्रत्येकी २०, पुश आणि फार्मर्स प्रत्येकी १०, स्की आणि रो प्रत्येकी ५. एकूण ६:५०. त्यातली ५:१० फक्त पहिल्या तीन गोष्टींमध्ये, म्हणजे साधारण तीन चतुर्थांश. आणि दोन्ही स्लेड मिळून अर्धं मिनिट! ज्याच्या नावाने बोटं मोडत हा माणूस घरी गेला, तिथे त्याचं एवढंच गेलंय.

पायरी ४: पण स्लेडला लगेच क्लीन चिट देऊ नका

कारण स्टेशनचं बिल बऱ्याचदा पुढच्या रनमध्ये येतं. म्हणून प्रत्येक स्टेशन आणि त्याच्या नंतरचा रन ही जोडी म्हणून बघायची. दुसरा रन स्कीनंतरचा, तिसरा पुशनंतरचा, चौथा पुलनंतरचा, पाचवा बर्पीनंतरचा, असं.

आपल्या गड्याचा दुसरा रन ५:३५ आणि तिसरा ६:२०. एका स्लेड पुशने ४५ सेकंद खाल्ले. आता त्या दहा जणांचं बघा, त्यांचा दुसरा ते तिसरा रन किती पडला? जर त्यांचाही ३५-४० सेकंदांनी पडला असेल तर ते त्या रेसचं नॉर्मल आहे, विषय सोडा. पण ते फक्त १५ ने पडले असतील तर मग याला स्लेड महागात पडलीय, फक्त ती स्लेडच्या रकान्यात दिसत नाहीये. त्यातही दोन शक्यता आहेत आणि दोन्हींचे उपाय वेगळे. एक, पायात ताकद कमी, म्हणजे स्लेड त्याच्या कमाल क्षमतेच्या जवळ जातेय. ओपनमध्ये पुरुषांची पुश स्लेड १५२ किलो आणि महिलांची १०२ किलो, स्लेडच्या वजनासकट, आणि हे वजन तुमच्या अंगाच्या वजनाप्रमाणे बदलत नाही, त्यामुळे हलक्या अंगाच्या रनर लोकांना ती जास्त लागते. दोन, ताकद आहे पण पहिले दोन रन जोरात मारून तो आधीच धापा टाकत स्लेडवर पोचला.

कुठलं खरं ते पहिला रन सांगतो. त्याची फ्रेश असताना ५ किमीची वेळ २६ मिनिटं आहे, म्हणजे ५:१२ ची पेस, आणि रेसचा पहिला किलोमीटर त्याने ५:०५ ने मारलाय! पुढे दीड तास अजून काम आहे आणि सुरुवात ५ किमीच्या रेसपेक्षा जोरात. एक सांगायला हवं, हॉलच्या रचनेमुळे पहिल्या आणि शेवटच्या रनची लांबी थोडी इकडेतिकडे असू शकते, त्यामुळे इथेही त्या दहा जणांचा पहिला रन बघूनच बोला. त्यांचा ५:४० असेल तर हा वाहवत गेला हे नक्की.

पायरी ५: रनचा हिशोब

रनचे आठ आकडे मिळाले की तीन गोष्टी काढा. सरासरी, सगळ्यात फास्ट आणि सगळ्यात स्लो मधला फरक, आणि फ्रेश ५ किमी पेसपासून सरासरी किती लांब आहे ते. आपल्या गड्याची सरासरी ६:११, फरक १:५०, आणि फ्रेश पेसपासून ५९ सेकंद लांब.

यावर माझा ठोकताळा सांगतो, नियम नाही. फरक ३५-४० सेकंदांच्या आत असेल तर तुम्ही तुमच्या क्षमतेइतकं पळलात, आता मुळात रनिंगच सुधारावं लागेल, ५ किमी फास्ट झाली की हायरॉक्सही होईल. फरक मिनिटाच्या जवळ किंवा वर असेल तर रनिंगचा स्पीड तुमच्याकडे आहे, तो थकलेल्या पायांवर वापरता येत नाहीये. अशा माणसाने ट्रॅकवर जाऊन ४०० मीटरचे रिपीट मारत बसण्यात फार फायदा नाही.

सगळे आठ रन ५:५० ने झाले असते तर बेरीज ४६:४०, म्हणजे २:४५ वाचले असते, आणि पहिला रन तर उलट ४५ सेकंद स्लो पळूनसुद्धा! हे पटायला जड जातं, स्टार्टला म्युझिक दणाणत असतं आणि आजूबाजूचे सुसाट सुटतात, पण पहिल्या दोन रनमध्ये वाचवलेला वेळ नंतर व्याजासकट द्यावा लागतो.

छातीचा हार्ट रेट स्ट्रॅप लावला असेल तर ग्राफही बघा. मनगटावरचा सेन्सर स्लेड, रोप आणि फार्मर्सच्या वेळी हात आवळला की गडबडतो, त्याच्यावर निष्कर्ष काढू नका. बघायचं एवढंच की दुसऱ्या रनच्या शेवटी हार्ट रेट कुठे होता. पंधरा मिनिटांतच तो तुमच्या कमालच्या अगदी जवळ गेला असेल तर पुढच्या सगळ्या प्रश्नांचं उत्तर तिथेच आहे.

पायरी ६: रॉक्सझोन, फुकटची मिनिटं

८:०५ म्हणजे प्रत्येक स्टेशनमागे साधारण एक मिनिट. टार्गेटवाल्यांचा ६:३०, म्हणजे प्रत्येकी ४९ सेकंद. हे बारा सेकंद कमवायला ताकद लागत नाही की दमही फार लागत नाही, फक्त चालायचं नाही, हळू का होईना जॉग करायचा.

माझ्या मते पहिल्या तीन-चार रेस करणाऱ्यांना सगळ्यात स्वस्तात वेळ इथेच मिळतो. रेसच्या आदल्या दिवशी किंवा सकाळी लवकर जाऊन आत यायची कमान कुठे, बाहेर पडायची कुठे, कुठलं स्टेशन कुठल्या कोपऱ्यात, पाणी कुठे ते डोळ्याखालून घाला. स्टेशन संपल्यावर कमरेवर हात ठेवून उभं राहायची सवय ट्रेनिंगमध्येच लागते, तिथेच मोडा. श्वास घ्यायचाच असेल तर तो रॉक्सझोनमध्ये हळू पळत घ्या, किंवा स्की आणि रोच्या पहिल्या ५० मीटरवर, तिथे जागच्या जागी काम चालू राहतं. पाणी दरवेळी नको, दोन-तीन ठिकाणं आधीच ठरवून ठेवा.

आणि लॅप स्वतः मोजा. १ किमीसाठी बऱ्याच हॉलमध्ये दोन-तीन लॅप मारावे लागतात, थकल्यावर मोजणी हमखास चुकते, आणि एक लॅप कमी मारली तर पेनल्टी बसते. घड्याळाचं लॅप बटण त्यासाठी दाबत चला.

पायरी ७: स्की आणि रो, इथे हिरोगिरी का नको

कॉन्सेप्ट२ च्या मशीनवर (हायरॉक्समधली स्की आणि रोची मशीन याच कंपनीची) वॉट्स आणि पेस यांचं नातं सरळ नाहीये. एका मीटरला किती सेकंद लागले तो आकडा घ्या, त्याचा घन करा आणि २.८० ला त्याने भागा, वॉट्स मिळतात. म्हणजे वेग थोडा वाढवायला ताकद खूप वाढवावी लागते.

आपल्या गड्याची स्की ४:४०, म्हणजे ५०० मीटरला २:२०, म्हणजे साधारण १२८ वॉट्स. त्याला ४:२० करायची असेल तर २:१० ची पेस, साधारण १५९ वॉट्स. वीस सेकंदांसाठी जवळजवळ २५ टक्के जास्त पॉवर! आणि त्यानंतर लगेच रन, मग स्लेड. तोच जोर रनमध्ये आठ वेळा थोडा थोडा वापरला तर कितीतरी जास्त मिळतं. म्हणून स्कीवर ठरलेली पेस धरा, शेजारच्याच्या स्क्रीनकडे बघूच नका. रोचंही तसंच, तिथे तर बर्पीनंतर थोडं सावरायची संधी असते, दोन-चार सेकंद स्लो गेलात तरी सहावा रन सुधारतो, जोडी म्हणून बघा.

डॅम्परबद्दल (मशीनवरचा हवा कमी-जास्त करायचा १ ते १० चा खटका) एकच. १० वर ठेवलं म्हणजे जास्त जोर असं काही नसतं, तिथे प्रत्येक स्ट्रोक जड होतो आणि पाठ-खांदे लवकर भरतात. ट्रेनिंगमध्ये वेगवेगळी सेटिंग करून बघा, तुम्हाला जी जमते ती लक्षात ठेवा आणि रेसमध्ये सुरू करायच्या आधी ती लावून घ्या.

पायरी ८: बाकीची स्टेशन, कुठे टेक्निक आणि कुठे नुसता हिशोब

वॉल बॉलपासून सुरू करतो कारण तिथे मोजण्यासारखं खूप आहे. एक रेप साधारण अडीच सेकंदांचा धरला तर १०० रेप म्हणजे २५० सेकंद, ४:१०. आपल्या गड्याला लागले ७:५५. म्हणजे पावणेचार मिनिटं तो बॉल मारतच नव्हता! त्याच्या नोटमध्ये लिहिलेलं निघालं, "पहिले ३० एका दमात, मग १५, मग ८-८, शेवटी ५-५". हा नेहमीचाच पॅटर्न आहे. पहिल्या सेटला जीव तोडला की नंतर प्रत्येक वेळी बॉल खाली, हात गुडघ्यावर, वर छताकडे बघणं. त्याऐवजी पहिल्यापासून १०-१० चे दहा सेट आणि मध्ये आठ सेकंद, असं केलं तर २५० अधिक ७२, म्हणजे ५:२२. रेसच्या शेवटी एवढं नीट होत नाही, त्यात मिनिटभर मिळवा, तरी ६:२० होतात. विश्रांती श्वासात मोजा, चार श्वास आणि उचल, सेकंद बघायला डोकं चालत नाही तेव्हा. आणि खाली पूर्ण बसा. कंबर गुडघ्यांच्या खाली गेली नाही की नो-रेप, म्हणजे कष्ट झाले आणि मोजणी जिथल्या तिथे.

बर्पी ब्रॉड जंपला एक आकडा काढून ठेवा: एका रेपला एकूण किती पुढे सरकता. सव्वा मीटर असेल तर ८० मीटरला ६४ रेप, १.६ मीटर असेल तर ५०. ६४ रेप सहा सेकंदांनी केले तर ६:२४, आणि ५० रेप साडेसहा सेकंदांनी निवांत केले तरी ५:२५. पण लांब उडी मारायच्या नादात पाय गळाले तर काय उपयोग, म्हणून ट्रेनिंगमध्ये ४० मीटरवर दोन-तीन लांबी ट्राय करून त्यानंतर ५०० मीटर पळून बघा, बेरीज कुठे कमी येते ती तुमची लांबी. उठताना उडी मारून उठण्यापेक्षा पाय एकेक करून पुढे घेणं बऱ्याच जणांना स्वस्त पडतं, फक्त उडी मारताना आणि टेकताना दोन्ही पाय बरोबर हवेत.

स्लेड पुशला थांबलात की महाग. थांबलेली स्लेड हलवायला चालत्या स्लेडपेक्षा जास्त जोर लागतो, त्यामुळे मध्येच थांबण्यापेक्षा छोटी पावलं टाकत सरकत राहा आणि दम घ्यायचा तर १२.५ मीटरच्या टोकाला, वळताना. पुलला हाताने ओढू नका, हात सरळ ठेवून अंगाचं वजन मागे टाका आणि बॉक्समध्ये मागे चालत जा, मग पुढे येऊन परत. रोप बाजूला टाकत चला, पायात अडकली की पाच-दहा सेकंद गेलेच. रेषेबाहेर पाय नको.

फार्मर्समध्ये फार काही नाही, केटलबेल खाली ठेवल्या नाहीत की झालं. लंजेसला प्रत्येक वेळी मागचा गुडघा जमिनीला टेकला पाहिजे, वर आल्यावर पूर्ण सरळ उभं राहायचं, आणि बॅग खांद्यावरून खाली टाकायची नाही. उभ्या उभ्या दोन श्वास घ्यायला कोणी अडवत नाही.

पायरी ९: फक्त दोन गोष्टी निवडा

यादी मोठी होते आणि सगळंच करावंसं वाटतं. नका करू. प्रत्येक फरकापुढे कारण लिहा: दम कमी, ताकद कमी, टेक्निक, पेसिंग, की नुसता गोंधळ. पेसिंग आणि गोंधळ यांना ट्रेनिंग लागत नाही, प्लॅन लागतो, ते दोन्ही असेच खिशात. ट्रेनिंगसाठी उरलेल्यातल्या दोनच घ्या. आपल्या गड्यासाठी, थकलेल्या पायांवर पळणं आणि वॉल बॉल.

आठवडा मग साधारण असा बसतो. दोन ईझी रन, बोलता येईल इतके हळू, खरंच हळू, त्यातला एक लांब. एक थ्रेशोल्ड रन (जोरात, पण टिकवता येईल असा), ५ वेळा १ किमी, मध्ये ९० सेकंद, पाचवा पहिल्याइतकाच आला पाहिजे. दोन स्ट्रेंथ सेशन, स्क्वॉट, डेडलिफ्ट, वाकून वजन ओढायचा रो, स्टेप-अप, फार चमत्कारिक काही नको. आणि एक मिक्स सेशन, तेच खरं महत्त्वाचं: १ किमी टार्गेट पेसने, म्हणजे याच्यासाठी ५:५०, लगेच २५ मीटर स्लेड किंवा स्लेड नसेल तर २० मीटर वजन घेऊन लंजेस, मग १५ वॉल बॉल, आणि न थांबता परत रन. असे चार राउंड. इथे बघायचा आकडा एकच, चौथा किलोमीटर पहिल्यापेक्षा किती स्लो. सुरुवातीला ४० सेकंद असेल, तो १५ च्या आत आणायचा. आला की मग राउंड वाढवा, पेस नाही.

मिक्स सेशन आठवड्यातून एकच. दर दोन दिवसांनी रेसची रंगीत तालीम करणारे लोक असतात, ते सतत थकलेले असतात आणि रेसच्या दिवशी ट्रेनिंगइतकंच धावतात. दुखणं, चक्कर, छातीत काही वेगळं वाटलं तर सेशन तिथेच बंद आणि डॉक्टर, यात चर्चा नाही.

दर चार आठवड्यांनी दोन टेस्ट: फ्रेश ५ किमी, आणि वेगळ्या दिवशी १ किमी रन, ५० मीटर लंजेस, ५० वॉल बॉल असा सलग वेळ. वजनं, जागा, क्रम सगळं तेच ठेवा, नाहीतर तुलना निरर्थक. ५ किमी तीच राहिली आणि दुसरी टेस्ट सुधारली तर समजा बरोबर चाललंय. उलटं झालं तर तुम्ही रनर होताय, हायरॉक्सवाले नाही.

शेवटचे आठ-दहा दिवस एकूण काम निम्मं करा, पेस तीच ठेवा पण रिपीट कमी.

पायरी १०: रेसचं कार्ड आणि परत तीच वजाबाकी

हातावर पेनाने लिहा किंवा पट्टी चिकटवा. सोळा आकडे नकोत, वाचता येत नाहीत. चारच पुरे: पहिले दोन रन यापेक्षा फास्ट नाही (याच्यासाठी ५:५०), स्कीची पेस, चौथ्या स्टेशनअखेर घड्याळात किती असावं, आणि वॉल बॉलचे सेट. चौथ्या स्टेशनअखेरचा आकडा टार्गेटवाल्या दहा जणांच्या स्प्लिट्समधूनच काढा, बर्पी संपताना ते कुठे होते. तिथे तुम्ही दोन मिनिटं पुढे असाल तर खूश होऊ नका, पाचवा रन मुद्दाम आवरा.

दीड तासाच्या रेसला नाश्ता पचायला दोन-तीन तास द्या, आणि मध्ये जेल घेणार असाल तर ते आधी मिक्स सेशनमध्ये घेऊन बघितलेलं हवं. हॉलमध्ये हवा कोंदट असते आणि घाम वाळत नाही, त्यामुळे बाहेर जमलेली पेस आत पहिल्या वीस मिनिटांतच जड वाटू शकते, ते कार्डवर धरूनच आकडे टाका.

रेस झाली की पुन्हा नोट आधी, मग शीट, मग नवीन हॉलमधले नवीन दहा जण. मागच्या शीटमधला रॉक्सझोन किंवा स्लेडचा वेळ थेट शेजारी ठेवू नका, त्या दहा जणांपासून किती मागे होता आणि आता किती आहे तेवढंच ठेवा. आपला गडी समजा १:३३ ला आला, रनमध्ये फक्त ३० सेकंद मागे, वॉल बॉल बरोबरीत, पण पुल आता ४० सेकंद मागे दिसतोय. म्हणजे आता स्लेड. तीन महिन्यांपूर्वी त्याला करायची होती तीच, फक्त आता त्याच्याकडे कारण आहे, आणि ढकलायची नाही तर ओढायची.